एकही फाईल बंद करायची नाही

मंगरूळपीरला सलीमभाईंचं लग्नपत्रिका आणि बॅनरचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर बघायला मी जातो आणि दर वेळी डोकं धरून परत येतो. किस्से आता इतके साचलेत की सांगून टाकले नाहीत, तर मीच हँग होईन!

*

दुकानाची एक रीत आहे. ज्यांचं काम बाकी आहे, त्या सगळ्यांच्या फाईली उघड्या ठेवायच्या. ऑपरेटर वंदनाताई सकाळी आधी त्या उघडतात, मग चहा घेतात.

"अहो, पण कशाला?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक आलं अन् फाईल बंद दिसली, त त्याले वाटते काम हातातच नाई घेतलं!" सलीमभाई म्हणाले.

*

मग मी समजावलं. रॅम म्हणजे टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरलं की ऑपरेटिंग सिस्टिम एक फाईल उचलून कपाटात ठेवते. तीच मागितली की दुसरी आत टाकते आणि ही बाहेर काढते. सगळा दिवस या ने-आणीत जातो, म्हणून मशीन रांगतं.

सलीमभाईंनी शांतपणे ऐकलं. "मंग मोठं टेबल आण ना भाऊ! माह्या दुकानाची रीत काहून बदलवतं?"

*

आणलं मोठं टेबल! रॅम दुप्पट केली. आठवड्यात फोन, "भाऊ, पुन्हा हळू!"

जाऊन बघतो तर मागच्या वर्षीच्या फाईलीसुद्धा उघड्या.

"जागा होती, मनून बसवल्या," वंदनाताई म्हणाल्या. रिसोडच्या जीपवाल्याचा न्याय, जागा दिसली की कोंब माणूस, दुसरं काय!

*

एकदा तर त्यांनी माझ्याविना उपाय केला. मशीन हळू चालतं म्हणून हार्ड डिस्कवरचे जुने फोटो उडवले. टेबल भरलं म्हणून कपाट रिकामं! मी कपाळाला हात लावला.

*

आणि हा मागच्या लग्नसराईतला. आसेगावचे एक काका मुलीची पत्रिका बघायला आले होते. लग्न तोंडावर, छपाई त्याच दिवशी व्हायला हवी. वंदनाताईंनी सकाळपासून खपून पत्रिका बसवली, पण सेव्ह करायची राहिली! तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: मेमरी संपत आली, काहीतरी बंद करा. माउस मुंगीच्या पावलानं सरकायला लागला. काकांचा चेहरा पडला.

"एक फाईल बंद करा, नाहीतर काकांची पत्रिका गेली समजा!" मी ओरडलोच.

"गिऱ्हाईकाले न विचारता?" म्हणत सलीमभाईंनी उघड्या फाईलींपैकी दुसऱ्याच एका गिऱ्हाईकाला फोन लावला. खरंच लावला! तोही स्पीकरवर.

"भाऊ, तुमच्या पोरीच्या पत्रिकेची फाईल जराशी बंद करू काय?"

"करा ना भाऊ. लगन त कवाच झालं. तुमचं मशीन लई हळू, मनून पत्रिका आमी रिसोडले छापून घेतली. पोरगी आता बाळंतपणाले आली हाय. परवा पोरगं झालं."

फाईल बंद झाली. मशीन हललं. वंदनाताईंनी घाईघाईनं पत्रिका सेव्ह केली, काकांनी टोपी काढून घाम पुसला.

सलीमभाईंनी फोन ठेवला.

"वंदना, नवी फाईल उघड. त्याइच्या घरी बारसं हाय."