बिभीषणाची चिठ्ठी

शिवाजी पेठेत कृष्णात वाइंगडेला सगळे वकील म्हणत. वकिली त्याच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लाकडाचे साचे कोरायचा. पण गणपती बसले की पाचव्या दिवशी तालमीसमोरच्या मांडवात दरवर्षी ‘खटला’ चालायचा, आणि तिथं कृष्णातच्या तोंडाला लागायची हिंमत फक्त निवृत्त मास्तर आण्णांची होती.

खटल्यात रामायण-महाभारतातलं एक पात्र आरोपी असायचं. एकानं आरोप करायचे, दुसऱ्यानं बचाव. शेवटी मांडवातल्या बायाबापड्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. कुणी कुठली बाजू घ्यायची हे तीन दिवस आधी तांब्यातल्या चिठ्ठीवर ठरे, आणि निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, हा नियम. त्यामुळं कृष्णातनं एका वर्षी भीष्माला असा सोलला की चार म्हाताऱ्यांनी त्याचा रामराम घेणं सोडलं. दुसऱ्या वर्षी कैकेयीची बाजू अशी मांडली की बायका डोळे पुसत घरी गेल्या. त्यातल्या एकीनं तर सकाळी उठून नवऱ्याकडं दोन वर मागितले. मिळाला एकच, तोही प्रेशर कुकर.

घरी आई धोंडुबाई, बायको संयोगिता आणि तेरा वर्षांनी धाकटा भाऊ सर्जेराव. वडील लवकर गेले, तेव्हा सर्जाला खांद्यावर बसवून स्टेडियमवर नेलं ते कृष्णातनं. फुटबॉलचे पहिले बूट त्यानंच आणले. दोन नंबर मोठे आणले, म्हणजे पाय वाढला तरी चालावेत. सर्जा वर्षभर बुटांत चिंध्या कोंबून खेळला आणि तरीही गोल करत राहिला.

कोल्हापुरात माणूस एक वेळ सासरा विसरेल, पण पेठेचा संघ विसरणार नाही. सर्जा मात्र पेठेच्या संघात दोन हंगाम बाकावरच बसला. संघाच्या कारभाऱ्यांशी त्याचं कशावरून तरी वाजलं होतं. शेवटी शहाण्णव साली, ऐन सव्विशीत, तो पलीकडच्या पेठेच्या संघात गेला, घरही तिकडंच केलं, आणि उपांत्य सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत आपल्याच पेठेवर गोल मारला.

पेठेनं त्याला काही केलं नाही. जे काय करायचं ते थोरल्याला केलं.

“काय वकील, लंकेत समदं बरं हाय न्हवं?” डेअरीवर कुणीतरी विचारी.

“बरं असंल की. येशीची किल्ली घरच्याच माणसानं दिलीया,” दुसरा उत्तर देई.

कृष्णात हसायचा. चरवी घेऊन घरी यायचा आणि दूध तापवताना बायकोवर खेकसायचा.

त्या वर्षी तालमीच्या पोरांनी आरोपी ठरवला बिभीषण. यात खोडी होती हे गणपतीच्या उंदरालाही कळलं असतं. कृष्णातनं तांब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली. बचाव.

“भावाची वकिली आता भावानंच करायची!” मागून एकजण ओरडला आणि मांडव हसला. दुसऱ्या दिवशी कृष्णात आण्णांच्या दारात उभा.

“आण्णा, चिठ्ठी बदलूया. आरोप मी करतो.”

“का रं? आजवर कधी बदलली न्हाईस.”

“घसा बसलाय.”

“आणि आरोप कराय कुणाचा घसा आणणार हाईस?” आण्णांनी चष्मा काढला. “कृष्णात, माझं काय जातंय? मी बचाव करीन. पर तू शेण खातोयस.”

पेठेत बातमीला पाय नसतात, पंख असतात. पण ते पहिल्या बातमीलाच. दादाला बिभीषणाच्या बचावाची चिठ्ठी निघाली, हे सर्जापर्यंत चिठ्ठी निघाली त्याच दिवशी पोचलं. चिठ्ठी बदलली, हे सांगायला कुणी गेलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कृष्णात उभा राहिला. “रावण चुकला, मान्य! पर थोरला चुकला तर धाकट्यानं उंबऱ्यात आडवं पडावं. भांडावं, लाथ खावी, उपाशी बसावं. शत्रूच्या छावणीत जाऊन आपल्या घराची वाट दाखवू नये!”

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत त्याला मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी सर्जा दिसला. इस्त्रीचा शर्ट, शेजारी नवी साडी नेसलेली बायको अक्षता, तिच्या हातात गणपतीसाठी नारळ. सर्जा हसत होता. दादा आधी विरुद्ध बाजू मांडतो आणि मग ती टराटरा फाडतो, ही दादाची रीत त्याला पाठ होती. तो फाडायची वाट बघत होता.

 त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं, आणि कृष्णातकडं तर वाक्यांचं कोठार होतं.

“बोला वकील!” पुढून आरोळी आली.

आणि वकील बोलला. “बिभीषणावाचून रामाचं काय अडलं हुतं? अडलं हुतं ते बिभीषणाचं, सिंहासनावाचून! असल्या पोरापरास निपुत्रिक आईबाप बरं!”

लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. आण्णांचा बचाव कुणी ऐकलाच नाही, निकालाला हातच हात वर झाले. धोंडुबाईचे दोन्ही हात मांडीवर होते. कृष्णातनं खांबाकडं पाहिलं, तेव्हा तिथं फक्त नारळ ठेवलेला होता.

सकाळी चहा देताना आई म्हणाली, “त्या रावण-बिभीषणाची आई काय म्हणली रं?”

“तिचं फारसं कुठं येत न्हाई, आई.”

“कसं येईल? तुमी बोलायचं थांबला तर यील.”

दिवाळीआधी सर्जानं फुटबॉल सोडला. चंदगडला काजूच्या कारखान्यात लागला आणि बिऱ्हाड तिकडं हलवलं. आईला खुशाली कळवायचा, थोरल्याचं नाव घ्यायचा नाही. कृष्णातही हटून बसला.

“धाकट्यानं आधी यावं,” तो म्हणायचा. “भरत न्हाय आला अनवाणी चित्रकूटावर?”

“आला की,” संयोगिता भाकरी थापतच म्हणाली. “पर रामानं त्याला आधी चारचौघांत सोलला न्हवता.”

त्यानंतर कृष्णात घरात रामायण काढेनासा झाला. खटल्यालाही दरवर्षी काहीतरी निमित्त काढून जाईना. तालमीच्या पोरांनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि मग खटल्याऐवजी ऑर्केस्ट्रा ठरवला. अशी सहा वर्षं गेली.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात एका सकाळी धोंडुबाई गेली. आपल्याकडं बापाला थोरला आणि आईला धाकटा अग्नी देतो. चंदगडला फोन झाला. तिकडं धो धो पाऊस, एसटी कुठं अडकली पत्ता नाही. पंचगंगेच्या घाटावर शेणींची चिता रचून झाली, चार वाजले, आभाळ काळं झालं.

“वकील, तू दे अग्नी. शास्त्रात चालतंय,” जाणती माणसं म्हणाली. “त्यो येतोय का न्हाई कुणाला ठावं!”

शास्त्रात काय चालतं याचे दहा दाखले कृष्णातला दोन्ही बाजूंनी येत होते. त्यानं एकही दिला नाही. “आईला धाकटाच,” म्हणाला आणि चितेपाशी ओल्या दगडावर बसून राहिला.

सर्जा पाचला आला, गुडघ्यापर्यंत चिखलात. कृष्णातकडं न बघता त्यानं मडकं खांद्यावर घेतलं, फेरे घातले, अग्नी दिला.

पुढं बारा दिवस दोन तुळतुळीत डोकी एकाच घरात वावरली. “पाणी तापलंय, तुमी आंघूळ करा,” एवढंच सर्जा बोलायचा. जन्मभर अरे-दादा म्हणणाऱ्या तोंडून ते ‘तुमी’ ऐकलं की कृष्णात उठून मागच्या दारी जाई.

बाराव्याच्या दुपारी सर्जा निघाला. कृष्णात न बोलावता मागोमाग स्टँडवर गेला. चंदगड गाडी लागली होती. सर्जा खिडकीत बसला. कृष्णातनं खालून खिडकीची दांडी धरली आणि सहा वर्षं मनात कोरून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली.

“सर्जा, ऐक. बिभीषण फितूर न्हवता. त्यानं आधी भरसभेत रावणाला समजावलं. लाथ खाल्ली, मग गेला. ज्या घरात आपल्याला जागाच न्हाय...”

“दादा.”

बारा दिवसांत पहिल्यांदा दादा. 

“मला बिभीषण कशाला करतोस रं अजून? मी निस्ता फुटबॉल खेळाय गेलतो.” सर्जाचे डोळे भरले होते. “त्या दिवशी अक्षताला म्हणलो हुतो, चल, दादा आज माझ्या बाजूनं बोलणार हाय. नवी साडी नेसून आलती ती. चिठ्ठी तुलाच निघालती ना?”

“व्हय.”

“मग?”

जगातल्या कुठल्याही पातकाचा बचाव करू शकणारा माणूस दांडी धरून उभा राहिला. “भ्यालो,” तो शेवटी म्हणाला. “लोक हसत हुते.”

सर्जानं मान हलवली. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. “हेच तवा येऊन सांगितलं असतंस तर मी चालत आलो असतो, दादा. आता त्या घरात आईबी न्हाई.”

कंडक्टरनं बेल मारली. दांडी हातातून सुटली.

कृष्णात फलाटाच्या बाकावर बसला. तासाभरानं पुढची चंदगड लागली, भरली. कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, “पावणं, कवाधरनं बसलाय. चंदगडला यायचं हाय काय?”

“यायचं हाय,” कृष्णात म्हणाला, “पर तितं मला कुणी बोलवलं न्हाई.”