सात नंबरची ज्वारी

हैदराबादच्या कडेला एका संशोधन केंद्राचं शेत आहे. मनकर्णा सोनकांबळे तिथं गेली तेवीस वर्षं काम करते. पहिली नऊ वर्षं रोजंदारीवर, पुढची कायम. कागदावर तिचं पद फील्ड असिस्टंट असं आहे. प्रत्यक्षात कुठल्या वाफ्यात काय चाललंय हे आधी मनकर्णाला विचारायचं आणि मग कॉम्प्युटरला, असा तिथला रिवाज. नवे शास्त्रज्ञ पहिले सहा महिने हा रिवाज मोडून बघतात, एकदा तोंडावर आपटतात आणि मग मुकाट्यानं तिच्या मागं मागं हिंडायला लागतात.

तिचं माहेर नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या अंगाला. नवरा संभाजी जामबागेतल्या एका जुन्या कॉलेजात, प्रयोगशाळेत मदतनीस आहे. मुलगी स्वप्ना दिलसुखनगरला कोचिंग क्लासात गणित शिकवते आणि घरी येऊन आईलाही शिकवायला बघते. दोन खोल्यांचं घर आहे, वर गच्ची आहे, सकाळी सहाला बस दारातून मिळते. एकंदरीत बाईचं बरं चाललंय आणि तसं ती बोलूनही दाखवते. तिची तक्रार असते ती फक्त मक्याबद्दल.

मक्यानं तिचं काही घोडं मारलेलं नाही. पण तिच्या डोळ्यांदेखत या शेतातली ज्वारी वर्षागणिक मागं सरकत गेली आणि मका पुढं येत गेला. संध्याकाळी दिलसुखनगरच्या रस्त्यावर बायका चुली मांडून ‘जोन्न रोट्टे’ म्हणून ज्वारीच्या भाकरी थापतात, गाड्यांतून आलेली माणसं रांग लावून त्या घेतात. ते बघून तिचा जीव चडफडतो. खायला सगळ्यांना ज्वारी पाहिजे आणि पेरायची वेळ आली की मका, हे तिला पटत नाही.

गेल्या तीन वर्षांपासून शेतात एक चाचणी चालू होती. भात काढल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर आणि वर फक्त दोन पाण्यांवर, संकरित मका जास्त पिकतो की संकरित ज्वारी, एवढाच प्रश्न. सहा वाण मक्याचे, सहा ज्वारीचे. शेताचे तीन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात बाराही वाण लावायचे, पण दर तुकड्यात क्रम वेगळा. म्हणजे एखाद्या कोपऱ्यातली माती कसदार असली तरी तिचा फायदा एकाच वाणाला मिळत नाही. वाणांची नावं कपाटात बंद. वाफ्याच्या तोंडाशी खुंटी आणि खुंटीवर वाणाचा नुसता नंबर. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की जे एका वाफ्याला करायचं ते छत्तीसही वाफ्यांना करायचं. खत सारखं, पाणी सारखं, खुरपणी एकाच दिवशी.

पहिली दोन वर्षं ज्वारी सपाटून हरली. तिसऱ्या वर्षी वरून हुकूम आला, की यंदा एकाही ज्वारीनं सगळ्यांत जास्त पिकलेल्या मक्याच्या दहात नऊ हिस्से उत्पन्न दिलं नाही, तर पुढच्या हंगामापासून ज्वारी बंद. सगळ्या रानात मका.

चाचणीची प्रमुख तेजश्री. वय एकतीस. आजोबांची बिदरकडं जमीन होती, आता घरच्यांचं नामपल्लीला मशिनरीचं दुकान आहे. मराठी तिची घरची, पण तिच्यात दखनी आणि तेलुगू इतकं मिसळलेलं की मनकर्णाला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. वाचायला दिलं तर मात्र मराठी अक्षरांपुढं तेजश्रीची गाडी अडायची. मनकर्णाच्या रोजच्या वहीतले आकडे ती भराभर उतरून घ्यायची. शेवटच्या रकान्यात मनकर्णा जे चार शब्द लिहायची, ते ‘बाद में’ म्हणून सोडून द्यायची.

त्या वर्षी पीक गुडघ्याएवढं झालं तेव्हाच मनकर्णाचं सात नंबरवर मन बसलं. सात ही ज्वारी होती. सरळ, गडद, कुठं वाकलेली नाही, पाण्याला उशीर झाला तर पान गुंडाळून गप उभी राहणारी. पानांच्या पोटरीतून कणीस बाहेर पडलं तेव्हा तर मनकर्णा हरखूनच गेली. भरगच्च, पांढरं, माहेरच्या शेतात तिची आई निवडून बियाण्याला ठेवायची अगदी तसलं. संभाजीला ती रोज सातचा वृत्तांत सांगायला लागली. तो ऐकायचा, चहा प्यायचा आणि एकदा म्हणाला, “पोरीच्या लग्नाचं बघ जरा. त्या सातचं लग्न सरकार करंल.”

दाणा चिकात आला आणि पाखरं उतरली. या शेताच्या चहूबाजूंना आता इमारती आहेत, कोसभर कुठं ज्वारीचं ताट दिसत नाही. त्यामुळं आसपासची सगळी पाखरं या पाऊण एकरावर जेवायला. मका त्यातल्या त्यात सुखी, त्याचं कणीस पानांत गुंडाळलेलं. ज्वारीचं कणीस मात्र ताटात वाढून ठेवल्यागत उघडं. राखणीला मनकर्णा. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सहा, डबा वाजवत तिन्ही तुकड्यांतून सारखं फिरत राहायचं, हा नियम तिनंच नव्या बायकांना शंभर वेळा शिकवलेला.

आणि तोच तिनं मोडला. तिसऱ्या तुकड्यात, सातच्या वाफ्याला लागून, बांधावर तिनं बैठक मारली. कुणी विचारलं तर सांगायची, “गुडघा धरलाय बाई.” गुडघा ठणठणीत होता. तिला सातकडं बघत बसायचं होतं, एवढंच. तिथूनच ती डबा बडवायची, ओरडायची, पहिल्या-दुसऱ्या तुकड्याकडं दिवसातून चार-दोन फेऱ्या मारायची. आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनालाही शिवलं नाही. महिनाभर हे चाललं.

काढणी झाली, वाफ्यागणिक मळणी झाली, दाणे वाळले आणि फेब्रुवारीच्या शेवटी वजनं झाली. काट्यावर मनकर्णा, लिहून घ्यायला तेजश्री. मक्याचा पहिला नंबर सरासरी चार किलो सातशे. ज्वारीचे पाच वाण पार मागं. मग सात. पहिल्या तुकड्यात चार किलो शंभर, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच किलो चारशे. सरासरी साडेचार.

तेजश्रीनं हिशोब दोनदा केला आणि जागेवरच उडी मारली. “मावशी! पास हो गया आपला सात! दहात नऊच्या खूप वर आहे! आता कोण बंद करतंय बघते मी.” तिनं मनकर्णाला मिठी मारली, केसांत भुसकट असताना. चार दिवसांनी तपासणी समिती बसणार होती.

मनकर्णाही हसली. दोघींनी कॅन्टीनमध्ये इराणी चहा घेतला. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या डोक्यात ते पाच किलो चारशे फिरायला लागलं. तोच वाण, तेच खत, तीच दोन पाणी. पहिल्या दोन तुकड्यांत चार आणि तिसऱ्यात साडेपाचच्या घरात? मग तिला सातच्या शेजारचा अकरा नंबर आठवला. अकरा म्हणजे रडतराऊत ज्वारी, तिचंही वजन तिसऱ्या तुकड्यातच तेवढं वाढलं होतं. काय झालं असेल ते तिला लख्ख कळलं.

सकाळी चहाच्या वेळी तिनं संभाजीला सगळं सांगितलं. तो प्रयोगशाळेतला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. “कुणाला कळणार हाय?” तो म्हणाला.

“कुणालाच न्हाई.”

“मग?”

“मला कळलंय की.”

संभाजीनं कप खाली ठेवला. “मग कशाला इचारतीस? तू सांगणारच हाईस. डबा घे आन् जा, बस चुकंल.”

तेजश्री कॉम्प्युटरपुढं बसून समितीसाठी आलेख रंगवत होती. मनकर्णा दारात उभी राहिली. “मॅडम, तिसऱ्या तुकड्यातल्या सातचं वजन धरू नका.”

“कायकू? काटा खराब होता?”

“काटा चांगला हाय. मी तिथं बसत व्हते.”

तेजश्रीला काहीच उमगलं नाही. मनकर्णानं वही उघडून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. ‘सकाळी सातपाशी बसले. दुपारी सातपाशी बसले.’ पानामागून पान तेच. “मी बसले म्हणून पाखरं तिथं उतरली न्हाईत. बाकीच्या दोन तुकड्यांत त्यांनी पोटभर खाल्लं. राखणीचा फरक हाय मॅडम तो, वाणाचा न्हाई.”

तेजश्री कॉम्प्युटरकडं वळली. तिनं सातचा तिसरा तुकडा काढून टाकला आणि सरासरी केली. चार किलो पन्नास ग्रॅम. पास व्हायला चार दोनशे तीस लागत होते. “नक्को ना मावशी,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “तीन साल की मेहनत आहे.”

“माझी बी हाय,” मनकर्णा म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेजश्री चांगली पोर. तासभर चिडली, एकदा टेबलावर पेन आपटला, आणि मग अहवालात खरं तेच लिहिलं. फक्त एक अट घातली. समितीपुढं हे मनकर्णानं स्वतः सांगायचं.

तेवीस वर्षांत मनकर्णा त्या सभागृहात झाडायला बायका घेऊन गेली होती, खुर्चीवर बसायला कधी नाही. समितीत पाच जण. मधे केशवराव, सत्तरीचे, निवृत्त शास्त्रज्ञ, मूळचे बिदरकडचे, बोलायला तिरसट म्हणून प्रसिद्ध. तेजश्रीनं आकडे मांडले, तिसऱ्या तुकड्यातला सात बाद का केला तेही इंग्रजीत सांगितलं. केशवरावांनी चष्म्यावरून मनकर्णाकडं पाहिलं आणि मराठीत विचारलं, “फिरायचं सोडून का बसलात, बाई?”

“सगळ्यांना सांगितलं गुडघा दुखतोय म्हणून. गुडघा काय दुखत नव्हता, साहेब. मला ती ज्वारी आवडली व्हती.”

दोघं-तिघं हसले. केशवराव हसले नाहीत. “पाखरं तुमच्यापासून किती लांब उतरायची?”

“चिमण्या वीस पावलांवर. राघू तीसवर. मोराला माझं भेवच न्हाई.”

“आणि वीस पावलांच्या आत दाणा शाबूत?”

“कणीस न् कणीस. सातचं बी आन् शेजारच्या अकराचं बी.”

केशवरावांनी वही मागवून घेतली. त्यांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी सावकाश एकतीस दिवसांची पानं उलटली आणि मग समितीतल्या बाकीच्यांशी बोलायला लागले. बोलणं इंग्रजीत आणि तेलुगूत झालं, पण वीस वर्षं त्यातच वावरल्यामुळं मनकर्णाला त्याचा रोख कळत होता. ते म्हणत होते, की आपण तीन वर्षं ज्वारी आणि मका तोलतोय असं समजत होतो आणि खरं तर पाखरांची भूक तोलत होतो. जिथं गावंच्या गावं ज्वारी पेरतात तिथं हीच पाखरं हजार एकरांत पांगतात. इथं ती एकाच वाफ्यावर तुटून पडतात. राखलेला सात पाच किलो चारशे देतो, म्हणजे मक्याच्याही वर. पण तो एकच वाफा, त्यावर निकाल देता येत नाही.

निकाल असा लागला: यंदाचा सात नापास. ज्वारी बंद करायची नाही, पुढचा हंगाम द्यायचा. मात्र सगळ्या वाफ्यांवर, मका असो की ज्वारी, जाळी घालायची आणि राखणीला कुणी बसायचं नाही. तेजश्रीचा शेवटचा अहवाल वर्षभर लांबला. केशवरावांनी वही परत देताना एवढंच म्हटलं, “बाई, एवढी नेटकी चूक मी नोकरीत बघितली नाही.” मनकर्णाला ही शाबासकी की खरडपट्टी ते ठरवता आलं नाही. तिनं दोन्ही घेऊन टाकल्या.

बाहेर पायऱ्यांवर दोघी बसल्या. ऊन तापलं होतं. तेजश्रीनं बाटलीतलं पाणी अर्धं प्यायलं, अर्धं तिला दिलं. “मावशी, एक सच सांगा. तुम्ही गप्प बसला असता तर आपला सात आज पास होऊन गेला असता. इतकी मोहब्बत होती त्याच्यावर, तरी कायकू बोलला?”

मनकर्णानं पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावलं.

“पास झाला असता. मग मक्याच्या मुलखात कुण्या एकट्या शेतकऱ्यानं तुमच्या शब्दावर पेरला असता. पाखरांनी खाल्ला असता, पोतं भरलं नसतं. मला कुणी बोललं नसतं मॅडम, मला वळखतंय कोण. लोकांनी माझ्या सातला नावं ठेवली असती.”