विटेवरची फुली

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी तो, आणि दोरीला टांगलेल्या ओळंब्यासारखाच सरळ आणि मुका. असल्या माणसाचं काय होतं, ठाऊक आहे ना? सगळे त्याला समजूतदार म्हणतात आणि कुणी काही विचारत नाही.

चर्चमागच्या दफनभूमीत मधोमध विटांची भिंत होती. अलीकडे गोरे, पलीकडे काळे. मेल्यावरही शेजार नको, आता काय बोलायचं! ती भिंत ओळंब्याच्या बापानेच बांधलेली. तिच्या पलीकडे, अगदी पायाला लागून, ओळंब्याची अकरा दिवसांची मुलगी पुरलेली होती. काळ्यांच्या तान्ह्या पोरांच्या थडग्यावर दगड लावू देत नसत तेव्हा. म्हणून त्याने भिंतीच्या खालून तिसऱ्या थरातल्या एका विटेवर थापीच्या टोकाने फुली ओढली होती. सव्वीस वर्षं दर रविवारी नवराबायको त्या फुलीपाशी बसत.

यंदा नव्या पाळकबाई आल्या आणि मंडळीने मनावर घेतलं. दर बुधवारी प्रार्थना. काळे-गोरे एका बाकावर, हातात हात, बापजाद्यांच्या पापांची कबुली. एक गोऱ्या निवृत्त शिक्षिका ढसाढसा रडल्या, तेव्हा ओळंब्यानेच त्यांना रुमाल दिला. आणि खोटं कशाला बोला, त्या मनापासून रडल्या होत्या.

शेवटी ठरलं की रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून भिंत पाडायची. कुणाला काही सांगायचंय का, असं पाळकबाईंनी विचारलं. बायकोने कोपराने ढोसलं तसा ओळंबा उठला. फुलीचं सांगायचं होतं. पण समोर सगळे डोळे पुसत हसत होते, आणि भिंत तर त्यालाही नकोच होती.

"आमेन," एवढंच म्हणून तो बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला घाव त्यानेच घालायचा, हेही तिथेच ठरलं. घरी बायकोने त्याचं ताट वाढलं आणि ती आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी ती आलीच नाही. ओळंब्याने घण उचलला. मनात ना राग, ना रडू, काहीच नव्हतं. एक घाव घालायचा, मग फुलीपाशी जाऊन खुणेची खुंटी ठोकायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण पहिली वीट पडली आणि सगळी मंडळी भिंतीवर तुटून पडली. गाणं म्हणत विटा हातोहात निघाल्या. त्याचा हात कुणी ना कुणी धरत होतं, गळ्यात पडत होतं. तो वाट काढत पोचेपर्यंत तिसरा थर ढिगाऱ्यात गेला होता. संध्याकाळपर्यंत पायाही उपटला, माती सपाट केली, वर गवताचं बी फेकलं.

पुढच्या रविवारी बायको आली. त्या मोकळ्या मैदानाकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"कुठे?" तिने विचारलं.

ओळंब्याने इकडून तिकडून पावलं मोजून पाहिली, आकडा जुळेना. आयुष्यभर त्याने मापात चूक केली नव्हती.

"इथे," त्याने बोट दाखवलं. "बरोबर इथेच."

तिने नाही म्हणून मान हलवली आणि दोन पावलं डावीकडे जाऊन बसली. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.