तपासलेली फाईल

झेरॉक्सलासुद्धा हात लावण्याआधी तो रुमालाने दोन्ही हात पुसायचा. "कागद लई नाजूक जात हाय, मॅडम," म्हणायचा. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याला हसायचं आणि कामाला मात्र त्यालाच गाठायचं.

विष्णुपुरीजवळच्या एका कॉलेजात आम्ही दोघं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तो जळकोटकडचा, मी नांदेडची. पुढच्या शिक्षणासाठी कॅनडातल्या एकाच विद्यापीठात दोघांनाही प्रवेश मिळाला. त्याला वर शिष्यवृत्तीही मिळाली. तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागलं. अभिनंदन केलं, पण त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

राहिलं होतं स्टडी परमिट. माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्जाची फाईल घेऊन तो माझ्याकडे आला.

"एकडाव नजर घाला मॅडम. तुम्ही बघितलं की मी बिनघोर."

शिकून परत येणार हे पटवायला त्याने वडिलांची जमीन म्हणून सातबारा जोडला होता. पण त्यावर नाव आजोबांचं! ते जाऊन बारा वर्षं झालेली, आणि वारसांची नोंद करायचं घरात कुणाला सुचलंच नव्हतं. आपल्याकडे हे घरोघरी असतं. तलाठ्याकडे जा आणि वारस लावून घ्या, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं.

मी म्हणाले, "छान आहे सर. टाका अर्ज."

मी काही वकील नाही, असं आठवडाभर स्वतःला समजावत राहिले. खरं सांगू? त्याला नकार यावा असंच मला वाटत होतं.

नकार आला मला. माझ्या वडिलांचा फ्लॅट, सगळे कागद चोख, तरी मी परत येईन याची व्हिसावाल्यांना खात्री पटली नाही म्हणे. त्याचं परमिट आलं. तो सातबारा तिकडच्या साहेबाने नीट पाहिला की नाही, देव जाणे.

तो पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला. पहिला पेढा मला.

"तुमच्यामुळं झालं मॅडम. न्हाईतर मी लई भ्यालो होतो."

मी पेढा खाल्ला. काय करणार?

आता त्याचे तास मीच घेते. परवा त्याचा मेसेज आला, "मॅडम, परत अर्ज करायलात ना? तुमची फाईल पाठवा. मी एकेक कागद बघतो."

तो खरंच एकेक कागद बघेल, आणि चूक दिसली तर लगेच सांगेल. म्हणूनच फाईल अजून पाठवलेली नाही.