अक्काच्या प्रिंटरचा नंबर

सोलापूरच्या दुकानदारानं लॅपटॉप नीट उघडूनसुद्धा बघितला नाही. "मॅडम, भंगारात घाला हे. असली कार्डं आता कोण वापरतंय?" एवढं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि मुरुमची एसटी धरली. नळदुर्ग मागं पडलं तरी माझा राग उतरला नव्हता. बरं, मी त्याच्याकडं नवं काही मागितलं नव्हतं. हे का चालत नाही, एवढंच विचारलं होतं.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, जन्मापासून अंध आहे. अंधशाळेत शिकली, ब्रेल बोटांत मुरलेलं. ती शाळा पुढं बंद झाली तेव्हा तिच्या जुन्या बाईंनी तिथला ब्रेल प्रिंटर तिला देऊन टाकला. जाड कागदावर ठोके मारून टिंबं उठवणारं जडच्या जड यंत्र. त्याची वायर जुन्या सिरियल पोर्टची, आणि तसला पोर्ट हल्लीच्या लॅपटॉपला नसतो. यूएसबीचा अडॅप्टर लावून पाहिला, प्रिंटरनं दाद दिली नाही. माझ्या टायपिंगच्या दुकानात एक जुना लॅपटॉप पडून होता. त्याच्या कडेला एक खाच होती. तीत पत्त्याएवढं कार्ड सरकवलं की तो पोर्ट मिळतो. कार्ड शोधून आणलं. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, कारण ते जुन्या यंत्रावर चालतं आणि त्याच्या आत काय चाललंय ते कुणाला न विचारता बघता येतं.

हा सगळा खटाटोप एका कार्यक्रमासाठी. गावातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन अक्कानं स्वतःहून मागितलं होतं. त्यावर अध्यक्षकाका घरी आले.

"बाई, तुम्ही आपलं एखादं गाणं म्हणा. सूत्रसंचालनात पाहुण्यांची नावं, क्रम, लई भानगडी असतात."

"गाणं दरवर्षीच म्हणते, काका. यंदा बोलणार."

"आन् कागद कोण वाचणार?"

"मीच."

काका गेल्यावर मी म्हणाले, "अक्का, मोबाईल कानाला लाव की. तो वाचून दाखवील."

"कानात एक बाई बोलतीय, अशात तू तोंडानं दुसरं बोलून दाखव बरं."

मी करून बघितलं. दुसऱ्याच वाक्याला अडखळले. अक्का हसली नाही. "मला ऐकायचं न्हाय," ती म्हणाली, "वाचायचंय."

अडचण अशी होती की कार्ड आत असलं की प्रिंटर ठोकायचा, पण लॅपटॉपचा आवाज गायब. आवाज आधी चालू केला की प्रिंटर मुका. आणि आवाज म्हणजे अक्काचे डोळे. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यावरच चालतो. मी तिला म्हणाले, "तू लिही. छापायच्या वेळी मी आवाज बंद करून छापून देत जाईन."

"म्हणजे पानापानाला मी तुला हाका मारायच्या? मग प्रिंटर तुझा झाला. माझा कुठं?"

तोवर निम्मं काम झालं म्हणून मी खूश होते. सोलापूरला गेले ते या बोलण्यानंतर, आणि तिथून जे ऐकून आले ते वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा वेळ बंद ठेवलं आणि आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो. मी लिनक्सची माहिती मोठ्यानं वाचत होते, ती ऐकत होती. लॅपटॉपच्या प्रत्येक भागाला काही सांगायचं असलं की तो प्रोसेसरला हाक मारतो, आणि त्या हाकेला एक नंबर असतो. याला इंटरप्ट म्हणतात. नंबर मोजकेच. लिनक्समध्ये एक तक्ता उघडला की कुठला नंबर कुणाकडं आहे ते दिसतं. बघते तर आवाजालाही पाच हवा होता आणि आमच्या कार्डालाही पाच. जो आधी उठेल त्यानं तो धरायचा, दुसऱ्यानं गप्प बसायचं.

कार्डांच्या सेटिंगची एक फाईल असते. तीत मी एक ओळ घातली: कार्डाला पाच नंबर द्यायचा नाही. कार्ड पुन्हा सरकवलं, आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठला. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. कार्ड काढून आतल्या नोंदी बघितल्या तेव्हा कळलं, कार्डानं आता तीन नंबर उचलला होता, आणि तिथं आधीच इन्फ्रारेड बसलं होतं.

"ते काय असतं?" अक्कानं विचारलं.

"पुढच्या बाजूला एक तांबडी काच आहे. पूर्वी तिच्यातून एका यंत्रातनं दुसऱ्यात फाईल पाठवायचे. आता कुणी वापरत न्हाय."

"कुणी वापरत न्हाय तरी तिची जागा राखलेली, आन् आपण दारात उभं. काढ तिला."

लॅपटॉप चालू होतानाच एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, त्यात जाऊन मी इन्फ्रारेड बंद केलं. तीन नंबर मोकळा झाला. कार्ड सरकवलं. लॅपटॉपमधला बोलणारा आपल्या ठोकळेबाज मराठीत म्हणाला, "तयार." अक्कानं मला हातानं बाजूला सारलं, स्वतः कळा दाबल्या. तो बोलत राहिला आणि प्रिंटर ठोकत राहिला, दोन्ही एकदम. टेबल हादरत होतं. मी तक्त्यात बघत होते, पाच आणि तीन या नंबरांपुढचे हाकांचे आकडे आपापल्या ओळीत वाढत चालले होते. पहिलं पान बाहेर आलं तसं अक्कानं ते फाडून घेतलं, बोटं फिरवली आणि म्हणाली, "'प्रमुख'चा उकार चुकलाय. माझीच चूक." स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. काका घाईघाईनं मंचाच्या कडेला येऊन कुजबुजले, "पाहुण्यांचं भाषण आधी, सत्कार मागनं, असं करा." मला वाटलं, आता ही गोंधळणार. अक्कानं गठ्ठ्यातली दोन पानं चाचपून काढली, जागा बदलली आणि जराही न थांबता पुढचं नाव घेतलं.

शेवटी काका म्हणाले, "पाठांतर दांडगं आहे हो तुमचं."

"पाठ न्हाय, काका," अक्का म्हणाली. त्यांचं बोट धरून तिनं पानावर टेकवलं. "वाचलं."

काकांनी बोट फिरवून बघितलं. पुढच्या वर्षीचं सूत्रसंचालन तिथंच ठरलं. मात्र ते ठरवलं अक्कानं.

आता प्रिंटर रोज दुपारी चालतो. शेजारीण तक्रार करते, डोळा लागत नाही म्हणून. अक्का म्हणते, "दार लावून घ्या." आणि कागद भरते.