माझ्या प्रोग्रामची वेगळी खोली

"घरी एका खोलीत सात जण झोपता ना? मंग तुमच्या प्रोग्रामलाच वेगळी खोली कशाला पाहिजे, मॅडम?"

साहेब म्हणाले. अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले. ते हसू अजून सलतं.

जालन्यातली बियाण्याची कंपनी. साहेबांच्या डोक्यावर ‘डिजिटल परिवर्तन’ अशी पाटी, पाटीखाली संगणक एक. त्यावर साहेबांनी कधीकाळी पायथनमध्ये लिहिलेला, पिशव्यांची लेबलं छापणारा प्रोग्राम. देव्हाऱ्यासारखा, हात लावायचा नाही. मी कुंभार पिंपळगावची. उगवण चाचणीच्या नोंदींचा प्रोग्राम मी लिहिला. दोन्ही प्रोग्राम एकाच लायब्ररीवर, म्हणजे आयत्या कोडच्या संचावर, चालायचे. त्यांच्याला तिची जुनी आवृत्ती लागायची, माझ्याला नवी. म्हणून मी माझ्यापुरतं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं. वेगळं फोल्डर, माझं सगळं त्यात. साहेबांना कळावं म्हणून ‘वेगळी खोली’ म्हणाले. कळलं ते असं.

त्यांनी ते फोल्डर कचरा म्हणून उडवलं. "सगळं एकाच ठिकाणी टाक."

"साहेब, लेबलं बंद पडतील."

"कोण शिकवून राह्यलं मला? टाक म्हटलं ना!"

टाकलं. जुन्या आवृत्तीच्या जागी नवी बसली.

दुसऱ्या दिवशी लेबलं बंद. गोदामात पिशव्या शिवून तयार, हमाल बसून. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "खेड्यातून उचलून आणलं की हे असं होतं."

मी संगणकासमोर बसले. त्यांच्या प्रोग्रामसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट केलं. जुन्या आवृत्त्यांची नेमक्या आकड्यांनिशी यादी केली, तेवढ्याच बसवल्या. चहा यायच्या आत लेबलं सुरू.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. टाइप करून तयार. ‘परवानगीशिवाय बदल केले. मला या कामाचे ज्ञान नाही. माफी असावी.’

"सही कर. नोकरी राहील."

गोदामातले नामदेवकाका हळूच म्हणाले, "कर ना बाई. सहीनं काय झिजतंय?"

झिजतं, काका. त्या दिवशी हसले तेव्हाच बरंच झिजलं.

मी खाली पेनाने लिहिलं : ‘आदेश साहेबांचा. बंद पडेल, हे मी आधी सांगितलं होतं. दुरुस्ती मी केली.’ मग पूर्ण नावाने सही.

"हे काय लिहिलं?"

"झालं ते. बिलकुल बराबर."

त्यांनी कागद फाडला. मी दुसरा लिहिला, कंपनीच्या मालकांच्या टेबलावर ठेवून आले. उत्तर आलेलं नाही. काढतील बहुतेक. काढोत. माझ्या अडाणीपणाचा दाखला त्यांना माझ्या हातचा मिळणार नाही.