शाल आणि पायजमा

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि वरच बायकोची हिमरू शाल दिसते. परदेशातली आमची नात पहिल्यांदा मुकुंदवाडीच्या घरी आली, तेव्हा तिला नुसतं इंग्रजी यायचं आणि हिला नुसतं मराठी. सकाळच्या थंडीत हिनं तिच्याभोवती शाल गुंडाळली, म्हणाली, "शाल." पोरगी ओरडलीच, "शॉल!" मग दोरीवरच्या माझ्या पायजम्याकडे बोट दाखवून, "पजामाज!" "अवो, हिला आपलं लई येतंय की!" ही हरखून गेली. हे शब्द फारसीतून इथं आले आणि इथून इंग्रजीत गेले, असं मी समजावू लागलो, पण दोघी तोवर हसत असे आणखी शब्द शोधायला अख्खं घर धुंडाळत निघाल्या होत्या. आता ही नाही. नात फोनवर माझ्याशी बोलते. तिचं इंग्रजी मला सगळं कळतं, आणि दोन मिनिटांत आमचं बोलणं संपतं.